झेल सुटल्यावरचे दहा सेकंद

चेंडू उंच उडतो. लाँग ऑनला उभा असलेला तेरा वर्षांचा मुलगा दोन पावलं मागे, एक पुढे असं करत त्याच्याखाली येतो आणि झेल हातातून निसटतो. पुढच्या दहा सेकंदांत दहा माना त्याच्याकडे वळतात. गोलंदाज कमरेवर हात ठेवतो. यष्टिरक्षक हातमोजे आपटतो. दोरीबाहेरून कुणाचे तरी वडील ओरडतात, "डोळे कुठे होते तुझे?" मुलगा चेंडू उचलून घाईघाईत फेकतो, तोही चुकीच्या टोकाला.

गोल्फ क्लब मैदान असो, पंचवटीतलं मीनाताई ठाकरे स्टेडियम असो की नाशिकरोडच्या एखाद्या शाळेमागची मोकळी जागा, हे दृश्य सगळीकडे सारखंच. पुढचं सगळं त्या दहा सेकंदांसाठी आहे: चर्चच्या युवक संघाची टीम सांभाळणाऱ्या दादा-ताईंसाठी, शाळेतल्या ख्रिस्ती सर-मॅडमसाठी, दोरीबाहेरच्या आईबाबांसाठी आणि कप्तान झालेल्या मुलामुलींसाठी.

नव्या करारात 'धीर देणं', 'बोध करणं' असे शब्द येतात, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'जवळ बोलावणं' असा असतो. पवित्र आत्म्याला आपण 'कैवारी' म्हणतो (योहान १४:१६), तो शब्दही त्याच धातूतला. कैवार घेणारा शेजारी येऊन उभा राहतो. लांबून सूचना देणाऱ्याला कुणी कैवारी म्हणत नाही. मैदानावर याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा. आधी पाय हलवायचे, तोंड नंतर.

चुकीनंतर लगेच

सामन्याच्या आधीच जोड्या लावून ठेवा. क्रिकेटमध्ये शेजारी-शेजारी उभे राहणारे दोघे एकमेकांचे जोडीदार. एकाची चूक झाली की दुसऱ्याने त्याच्या दिशेने चार-पाच पावलं चालत जायचं. हे आधी ठरवलं नाही, तर 'कुणीतरी जाईल' म्हणत कुणीच जात नाही आणि कप्तान लांब मिडऑफला उभा राहून टाळ्या वाजवत बसतो. जोडीदार येताना दिसला की चुकलेल्या मुलाची मान वर होते. निम्मं काम इथेच झालेलं असतं.

मग बोलायचं. नाव, 'पुढचा बॉल' आणि एक छोटं काम: "रोहन, पुढचा बॉल. दोन पावलं आत ये." एवढंच. काम देणं महत्त्वाचं, कारण सुटलेला झेल मुलाच्या डोक्यात पुन्हा पुन्हा सुटत राहतो. हातापायांना काही करायला मिळालं की ते थांबतं.

इथे दोन वाक्यं टाळावीत. पहिलं, "असू दे, काही नाही झालं." झालेलं असतं, आणि ते त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. दुसरं, "झेल अवघडच होता." खरंच अवघड असेल तर जरूर म्हणा. सोपा झेल सुटला असताना असं म्हटलं, की पुढे त्याने खरोखर अवघड झेल पकडल्यावर केलेलं कौतुकही त्याला खोटं वाटतं. तंत्राच्या सूचनाही या दहा सेकंदांत नकोत. 'हात मऊ ठेव, डोकं स्थिर ठेव' हे बरोबर असतं, पण त्या क्षणी ती फक्त आणखी एक ओरड असते.

खो-खोत चार पावलं चालायचीही सोय नाही. पाटीवर बसलेली मुलगी खो मिळायच्या आधीच उठते, फाऊल होतो, धावणारी तेवढ्यात खांब गाठते. मुलगी परत बसते. तिच्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी आहेत, पण नियमाप्रमाणे त्यांची तोंडं उलट दिशेला. ती कुणाला दिसत नाही आणि तिला कुणाचा चेहरा दिसत नाही. अशा वेळी शेजारणीचा आवाजच पोचतो, म्हणून तो खालच्या पट्टीत आणि नेमका हवा: "स्नेहा, कान दे. ऐकलंस की ऊठ." हे सरावात म्हणून घ्यावं लागतं, नाहीतर सामन्यात तोंडून आपोआप "अगं काय करतेयस!" निघतं.

कबड्डीत बाद झालेले गडी बाहेर ज्या क्रमाने बसतात, त्याच क्रमाने परत आत येतात. पहिल्या चढाईतच पकडला गेलेला मुलगा तिथे एकटा बसलेला असतो आणि प्रशिक्षकाचं सगळं लक्ष मॅटवर. राखीव खेळाडूंपैकी एकाचं कामच हे ठेवा: बाद झालेल्याशेजारी जाऊन बसायचं, पाण्याची बाटली द्यायची आणि त्याला खेळ बघायला लावायचं. "त्यांचा डावा कोपरा बघ, लवकर पुढे येतोय." परत आत जाताना त्याच्या हाती काहीतरी असतं.

चूक दाखवायची कधी

चूक दाखवायची असतेच. न दाखवणं हा आळस आहे, त्याला प्रेम म्हणू नये. 'मित्राने केलेले घाव विश्वासाचे' या अर्थाचं वचन नीतिसूत्रांत आहे (२७:६). प्रश्न वेळेचा आणि क्रमाचा आहे.

क्रम योहानाच्या एकविसाव्या अध्यायात सापडतो. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या विस्तवापाशी तीनदा येशूला नाकारलं होतं. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर. येशू आधी जेवायला बोलावतो. जेवण झाल्यावर तीन प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाच्या मागोमाग काम: माझी मेंढरं चार. 'तू असं का केलंस?' हा प्रश्न तिथे एकदाही येत नाही.

मैदानावर हेच असं करता येतं. सामना संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं काही बोलू नका. पाणी, खाणं, बूट काढणं होऊ द्या. मग मुलाला इतरांपासून दहा-बारा पावलं बाजूला घ्या, पण सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. एकच चूक निवडा. तीन चुका सांगितल्या तर घरी जाईपर्यंत त्याला एवढंच आठवतं की 'सर खूप बोलले'. आधी त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं, कुठे गडबड झाली?" बहुतेक मुलं अचूक सांगतात. मग सरावाचा दिवस ठरवा.

सरावात त्याच प्रकारचे दहा झेल द्या. पहिले तीन जवळून, हाताने फेकलेले, सोपे. पुढचे चार सामन्यात सुटला तेवढ्या उंचीचे. शेवटचे तीन पळत येऊन घ्यायचे. दहावा सुटला तर अकरावा सोपा द्या आणि पकडलेल्या झेलावरच थांबा. सुटलेल्या झेलावर सराव संपवला, तर मूल ती आठवण घेऊनच घरी जातं.

गुळगुळीत शाबासकी

दीड तासाच्या सरावात चाळीस वेळा 'शाबास, शाबास' ओरडणाऱ्या सरांचा आवाज मुलांना मांडवातल्या लाउडस्पीकरसारखा होतो. चालू आहे एवढंच कळतं. कौतुकाचं वाक्य तपासायची एक सोपी कसोटी आहे: त्यातलं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी चालत असेल, तर ते वाक्य त्या मुलाचं नाही.

'मस्त खेळलास'ऐवजी: "गुण आला नाही, पण तू पंचवीस सेकंद त्यांच्यात राहून परत आलास." कबड्डीत चढाईला तीसच सेकंद असतात, त्यामुळे हे वाक्य त्या मुलाला बरोबर कळतं. 'गुड जॉब'ऐवजी: "चेंडू गेल्यावर तू थांबली नाहीस, लगेच मागे पळालीस, म्हणून त्यांना मधून पास देता आला नाही." इथे काय केलं आणि त्याने काय झालं, हे दोन्ही आलं.

कौतुक मुलाच्या हातातल्या गोष्टीचं करावं: मेहनत, निर्णय, जागा न सोडणं, पडल्यावर उठणं, साथीदाराला हाक मारणं. उंची, अंगातला वेग आणि सामन्याचा निकाल त्याच्या हातात नसतो. 'हा तर जन्मजात खेळाडू' हे ऐकायला गोड असतं, पण ते ऐकलेलं मूल पुढे अवघड काही करून बघायला कचरतं. जमलं नाही तर ती पदवी जाईल ना! ख्रिस्ती माणसाला यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. मुलाची किंमत त्याने किती धावा केल्या यावर ठरत नाही, असं आपण रविवारी म्हणतो. शनिवारी फक्त धावा करणाऱ्यांचीच पाठ थोपटली, तर मुलं शनिवारचंच खरं मानतात.

वीस मुलांची टीम असेल, तर दीड तासात प्रत्येकाला एक नेमकं वाक्य देणं अजिबात कठीण नाही. कठीण असतं ते लक्षात ठेवणं. खिशात छोटी वही ठेवा, वीस नावं लिहा, वाक्य दिलं की खूण करा. दोन आठवड्यांत कळेल की काही नावांपुढे खुणांची रांग लागली आहे आणि चार-पाच नावं कोरी आहेत. ती कोरी मुलं बहुधा खोडकरही नसतात आणि हुशारही नसतात. मधली, गुपचूप येणारी, गुपचूप जाणारी.

बाकावरची मुलं

शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात तेच अत्यावश्यक आहेत, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो (१ करिंथ १२:२२). हे वचन राखीव खेळाडूंच्या बाबतीत पाळायचं, तर त्यांना खरं काम द्यावं लागतं. 'टाळ्या वाजवा रे' हे काम नाही. गुण लिहिणं, समोरच्या संघाची कुठली मुलगी कुठल्या बाजूला पळते याची नोंद, पुढच्या तुकडीला तयार ठेवणं ही कामं आहेत. खो-खोत संरक्षणाला तिघी-तिघी उतरतात. पहिल्या तुकडीचा शेवटचा गडी बाद होताच पुढची तुकडी उभी नसेल तर गोंधळ होतो. हे सांभाळणारी राखीव मुलगी सामन्याचा भाग असते.

पाण्याचा कॅन मात्र राखीव मुलांवर टाकू नका. तो कप्तानाने उचलायचा. पहिल्या दिवशी हसतील, तिसऱ्या सामन्याला कुणी हसत नाही, आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले यावर वेगळं प्रवचन करायची गरज उरत नाही.

पाण्याचं प्रमाणही सांगून ठेवतो. उन्हात खेळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी पाऊण ते एक कप पाणी लागतं, तहान लागो न लागो. खूप घाम आला असेल किंवा पोट बिघडलं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी ओतून द्या. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी पारा दहाच्याही खाली जातो, तेव्हा मुलं पाणी टाळतात आणि अंग गरम व्हायच्या आधीच पळायला लागतात. त्या दिवसांत दहा मिनिटं जास्त वॉर्म-अप घ्या.

एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, मला मरण दे' म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला देतो (१ राजे १९). चिडलेल्या, रडवेल्या मुलाशी बोलण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: सकाळपासून काय खाल्लंस? सातच्या सामन्यासाठी हरसूल किंवा पेठहून आलेलं मूल पहाटे चारला उठलेलं असतं, हे लक्षात असू द्या.

राखीव मुलाला किती खेळायला मिळणार, हे आदल्या दिवशी सांगा. 'दुसऱ्या डावात उतरवतो' म्हटलं असेल तर उतरवा, हरत असलात तरी. बाद फेरीत जमणार नसेल तर तेही आधीच सांगा: "उद्या बहुतेक तुझी पाळी येणार नाही. पुढच्या स्पर्धेच्या साखळी सामन्यात येईल." तुमचं होय ते होय असावं (मत्तय ५:३७), या वचनाची परीक्षा मुलं इथेच घेतात.

लांब पल्ल्याला कुठे उभं राहायचं

धावण्याच्या शर्यतीत सगळी गर्दी शेवटच्या रेषेपाशी. तिथे पोचलेल्या मुलाला तुमची गरज संपलेली असते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. पहिली उत्साहात जाते, शेवटची घंटेच्या आवाजावर. जड जातात त्या पाचवी आणि सहावी, आणि त्यातही प्रेक्षक नसलेली पलीकडची सरळ बाजू. तिथे जाऊन उभे राहा. ओरडायचं ते नाव आणि एकच सूचना: "सुनीता, खांदे सैल." 'पळ, पळ' म्हणू नये, ती पळतेच आहे. "अजून चारच फेऱ्या" हेही नको. दमलेल्याला चार हा आकडा फार मोठा वाटतो.

हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून या भागातल्या कितीतरी मुली धावायला लागल्या. पण तिचं नाव 'बघ ती कशी धावली आणि तू?' असं वापरलं, की त्याच नावाने धीर खचतो. आदर्श दाखवावा, तराजू लावू नये. आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्या मुलीसाठी, पहिली येऊन पाच मिनिटं झाली असली तरी, कुणीतरी त्या पलीकडच्या बाजूलाच थांबलेलं असलं पाहिजे.

टीम सोडून गेलेला मुलगा

बर्णबा हे त्या माणसाचं मूळ नाव नव्हे. नाव योसेफ, प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हटलं, म्हणजे धीर देणारा (प्रेषितांची कृत्ये ४:३६). शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे घाबरत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो हाच. पुढे या दोघांबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघालेला मार्क नावाचा तरुण प्रवास अर्धवट टाकून घरी परतला. दुसऱ्या फेरीला पौल म्हणाला, तो नको. बर्णबा म्हणाला, हवा. दोघांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले, आणि बर्णबा मार्कला घेऊन निघून गेला. बऱ्याच वर्षांनी तोच पौल लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

प्रत्येक टीममध्ये एक मार्क असतो. उपांत्य फेरीच्या आधी न सांगता गायब झालेला, किंवा चिडून बूट फेकून गेलेला. त्याला परत आणायचं तर पहिल्या आठवड्यात एकाने, फार तर दोघांनी घरी जावं. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्याबद्दल एक अक्षरही नको. 'कुणी कुणी येत नाही' असे टोमणे तर मुळीच नकोत. घरी गेल्यावर 'का सोडलंस' हे विचारू नये. "मंगळवारी सराव आहे, तुझी जागा आहे" एवढं सांगून चहा पिऊन निघावं. कारण बरेचदा वेगळंच निघतं: क्लासची फी, आजारी आजी, फाटलेले बूट, वरच्या मुलांचा त्रास. हे पहिल्या भेटीत कळत नाही. तो आला तर त्या दिवशी टाळ्या नकोत, भाषण नको, नेहमीसारखा सराव. पण पौलाची बाजूही खरी होती. टीमला दगा बसलेला असतो. म्हणून थेट पहिल्या अकरात न घेता दोन आठवडे नियमित सराव, मग सामना. ही अट त्याला आणि टीमला, दोघांनाही तोंडावर सांगावी.

समोरचा संघ, पंच, आणि दोरीबाहेरचे

आपल्याच मुलांना धीर देणं कुणालाही जमतं. समोरचा गडी पडला तर हात देऊन उठवणं, त्याच्या चांगल्या पकडीला मान डोलावणं, त्याच्या चुकीला टाळी न वाजवणं, या तीन गोष्टी लिहून नियम करा. तिसरा सगळ्यात अवघड. समोरच्याने सर्व्हिस नेटमध्ये घातली की आपल्या बाकावरून आरोळी उठतेच. "गुण आपला आहे, घ्या, टाळी मात्र आपल्या खेळाला," असं मुलांना सांगितलं तर त्यांना फरक कळतो.

पंचांशी फक्त कप्तानाने बोलायचं, तेही खेळ थांबल्यावर. सामना संपल्यावर हरलेल्या टीमनेही पंचांना हात मिळवून 'थँक्यू सर' म्हणायचं. शालेय स्पर्धांत उन्हात दिवसभर उभे राहणारे पंच बहुतेकदा कुठल्यातरी शाळेचे क्रीडाशिक्षकच असतात. त्यांना पाण्याची बाटली नेऊन देणं मुलांना सुचत नाही, सुचवावं लागतं. सामना सुरू व्हायच्या आधी मात्र देऊ नये. त्याचा भलताच अर्थ निघतो.

आता आईबाबा. वडिलांनो, मुलांना चिडीस आणू नका, ती खिन्न होतील (कलस्सै ३:२१). दोन हजार वर्षांपूर्वीचं हे पत्र दोरीबाहेर उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांमुळे हल्ली ताण आणखी वाढला आहे. जिल्हा पातळीवर हरलं की घरात गुणांचा हिशोब सुरू होतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी पालकांना अर्धा तास बोलवा आणि तीनच गोष्टी मागा: खेळ चालू असताना सूचना नाहीत, दुसऱ्याच्या मुलाचं नाव रागाने घ्यायचं नाही, आणि घरी जाताना गाडीवर मुलगा बोलल्याशिवाय सामन्याचा विषय काढायचा नाही. तिसरी सगळ्यात मोलाची. मैदानातून निघून त्र्यंबक रोडने घरी जाईपर्यंत मुलगा स्कूटरवर मागे बसलेला असतो, पळून जाता येत नाही, चेहरा दिसत नाही, आणि बाबा पुढे बघत बोलत राहतात. बऱ्याच मुलांचा खेळ त्या वीस मिनिटांत सुटतो. फार तर विचारा, "मजा आली का?" आणि मिसळ खायला थांबा.

येशूचं नाव कधी घ्यायचं

नाशिकच्या टीममध्ये सगळे ख्रिस्ती असतील असं नाही, आणि आडनावावरून तर ते ओळखूही येत नाही. म्हणून नियम साधा ठेवा. प्रार्थना ज्याला करायची त्याने करावी, सामन्याच्या दहा मिनिटं आधी, बाजूला. बाकीच्यांनी त्या वेळी बूट बांधावेत. न येणाऱ्याची हजेरी घ्यायची नाही. संघनिवडीशी, किटशी, फीमाफीशी प्रार्थनेचा संबंध कधीही जोडायचा नाही, गमतीतही नाही. तसा वास जरी आला, तरी इतके दिवस दिलेला सगळा धीर आमिषासारखा दिसू लागतो, आणि पालकांना तसं वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही.

'प्रभू, आम्हांला जिंकव' ही प्रार्थना टाळावी. पलीकडेही एखादं मूल तीच करत असतं. कुणाला दुखापत होऊ नये, खेळ खरेपणाने व्हावा, एवढं मागा. मुलाने विचारलं, "सर, तुम्ही चिडत का नाही?" तर खरं उत्तर द्या, दोन वाक्यांत. त्याने आणखी विचारलं तर आणखी.

रविवारचा प्रश्न हमखास येतो, कारण स्थानिक स्पर्धा रविवारीच असतात. ड्रॉ निघण्याआधी आयोजकांना भेटून 'आम्हांला अकरानंतरचा सामना द्या' म्हटलं तर बहुतेक जण ऐकतात. ड्रॉ निघाल्यावर कुणी ऐकत नाही. कॅथलिक मुलांना शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते, इतरांनी पाळकसाहेबांशी बोलून सकाळची किंवा संध्याकाळची उपासना ठरवावी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटिश ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेलने १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण मिळवलं. ही गोष्ट सांगताना एक भाग नेहमी गळतो: वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं, आणि तेवढा काळ त्याने ४०० चा सराव केला. आयत्या वेळी टीमला तोंडघशी पाडलं नाही. जाता जाता, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशू यात्रेच्या शनिवार-रविवारी सामना ठेवूच नका. अर्धी टीम तिथे सेवेला असते आणि उरलेली ट्रॅफिकमध्ये.

जिथे धीर देणंच घातक ठरतं

डोक्याला मार लागलेल्या मुलाला "ऊठ, वाघ आहेस तू" म्हणणं. चक्कर, उलटी, धूसर दिसणं, गोंधळलेलं बोलणं, यातलं काहीही असेल तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरकडे न्यायचं. त्या दिवशी परत मैदानात नाही, मुलाने कितीही विनवलं तरी. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. इथे कैवार घेणं म्हणजे बाहेर काढणं, आणि तो निर्णय मोठ्याने घ्यायचा असतो. मुलावर सोडला तर तो टीमकडे बघून 'खेळतो' म्हणणारच.

मुलींच्या खेळाचं कौतुक करताना शरीराबद्दल, वजनाबद्दल, दिसण्याबद्दल एक शब्दही नको; मुलांनाही हाच नियम. पाठ थोपटायची तर सगळ्यांसमोर, खांद्यावर. मिठी मूल स्वतःहून आलं तरच. बंद खोलीत एकटं समजावणं, रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज पाठवणं, एकट्या मुलाला गाडीवर सोडायला जाणं, हे सगळं बंद. नेहमी दुसरा मोठा माणूस सोबत हवा. हेतू चांगला असला तरी नियम तोच, कारण वाईट हेतूचा माणूसही सुरुवात गोड बोलण्यानेच करतो. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ असू द्या.

आणि गोंगाट. फ्री थ्रो, पेनल्टी किक, चढाईचे शेवटचे पाच सेकंद, अशा वेळी आपल्या बाकाने गप्प बसायचं. मुलगा तेव्हा एकटाच असायला हवा.

सामना संपला, कोन आणि दोऱ्या गोळा झाल्या, की ती खिशातली वही काढा. आज कुठल्या नावापुढे खूण नाही ते बघा. त्या मुलाची आई किंवा बाबा अजून फाटकाशी असतील, तर मुलाच्या देखत त्यांना आजची एक नेमकी गोष्ट सांगा: चौथ्या मिनिटाला त्याने कुणाला कशी हाक मारली ते. ते निघून गेले असतील, तर मंगळवारच्या पानावर ते नाव सगळ्यात वर लिहा.